राजेळी नावाचा गट

गास, ता. १८ नोव्हेंबर २००९
बुधवार

प्रिय जयवंत यास,

व्हॅलेरियनकाकाचे अनेक आशीर्वाद. सौ. अश्लेषा आणि चि. ऋतिका यांनाही सांग.

पत्राला उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. उशीर म्हणजे थोडाथोडका नाही, साडेआठ वर्षं झाली. मध्ये दोन-तीनदा लिहायला बसलो होतो. एकदा तर पाकीटसुद्धा आणलं होतं, पण तुझ्या मटिल्डाकाकूने त्यात भोपळ्याच्या बिया भरून ठेवल्या.

तुझा पत्ता मला रिटाकडून मिळाला. रिटा म्हणजे माझी मुलगी, तुला आठवत असेल. ती आता तुळिंजच्या शाळेत शिकवते आणि तुझी ऋतिका तिच्याच वर्गात आहे, तिसरीत. मी तिला म्हटलं, शाळेच्या रजिस्टरातून पत्ता बघून दे. ती म्हणाली, "बाबा, असं करायचं नसतं." दुसऱ्या दिवशी तिनेच चिठ्ठीवर लिहून दिला आणि म्हणाली, "कशाला ते विचारत नाही." बिल्डिंगचं नाव 'साईकृपा' आहे की 'साईछाया', तिचं अक्षर लागत नाही. तुळिंजला दोन्ही नावाच्या पाच-पाच बिल्डिंगी असतील. हे पत्र भलत्याच्याच हाती पडलं तर काय, या काळजीने मी पाकिटावर तुझं नाव मोठ्ठं घातलंय.

आम्ही सर्व ठीक आहोत. माझे गुडघे काही ठीक नाहीत, पण त्यांचं सांगत बसत नाही. वाडी अजून आहे, अर्धी. बावखलाचं तळं बुजवलं, वरून रस्ता गेला. केळी थोडी लावतो, बाकी तगर आणि मोगरा. मटिल्डाची जीभ आहे तशीच आहे. आता लिहायला बसलो तर विचारते, "कोणाला एवढं लांबलचक? पोपला?"

तुला सातिवलीची ती कॉम्प्युटरची खोली आठवते का रे? मला रोज आठवते. बाहेर गाळ्यांची घरघर, लोखंड कापल्याचा वास, आणि आपल्या खोलीचं दार उघडलं की आत थंडीच थंडी. मे महिन्यात मी स्वेटर घालून बसायचो. चपला बाहेर काढून आत जायची पद्धत होती. मी देवळात शिरल्यासारखा हात जोडायचो आणि तू हसायचास. आग्नेलशेठने मला ठेवलं होतं ते झाडलोट करायला आणि एसीच्या पाण्याची बादली ओतायला. वय अठ्ठावन्न, शिक्षण पाचवीपर्यंत. दुसरं कोण ठेवणार होतं मला? आग्नेल आमच्याच पॅरिशचा, म्हणून ठेवलं.

शिकवलंस तू. तुला कोणी सांगितलं नव्हतं. एक दिवस म्हणालास, "काका, बादली भरेपर्यंत बसून काय करता? या, बसा इथे." इंग्रजी अक्षरं मला शाळेतली येत होती, पण कीबोर्डवर ती सगळी विस्कटलेली. एक ए शोधायला मला मिनिट लागायचं. पलीकडच्या टेबलावरची मार्गारेट ओरडायची, "काका, मशीनला पाणी घातलंत का आज? नाहीतर सुकेल!" सगळे हसायचे. तू हसायचा नाहीस. तू मला शंभरपानी वही आणून दिलीस, वरती स्वतःच्या हाताने लिहिलंस 'व्हॅलेरियनकाका – मशीन', आणि रोज एक-एक कमांड त्यात लिहून द्यायचास, खाली मराठीत अर्थ.

कामांचे गट तू मला समजावलेस तो दिवस मी विसरलेलो नाही. परीक्षा मंडळाचं काम नवीन आलं होतं. मुलांचे पेपर मशीनने वाचायचे, मग निकाल लावायचा, मग गुणपत्रिका छापायच्या. तू म्हणालास, मशीनवर एका वेळी शेकडो कामं चालतात, सगळ्यांना मोकळं सोडलं तर दांडगं काम सगळं खाऊन टाकतं आणि गरीब काम उपाशी राहतं. म्हणून कामांचे गट करायचे आणि गटागटाला मशीनचा वाटा बांधून द्यायचा. मी म्हटलं, "म्हणजे बावखलाच्या पाण्यासारखं. आज या वाडीची पाळी, उद्या त्या वाडीची." तू टेबलावर हात मारलास. "काका, हे मला चार वर्षं कॉलेजात कोणी इतकं सोपं सांगितलं नाही!" ते वाक्य मी घरी येऊन मटिल्डाला सांगितलं. मग शेजारी सांगितलं. मग रविवारी मिस्सा झाल्यावर देवळाच्या आवारात सगळ्यांना सांगितलं. जयवंत, माझं खरं दुखणं तिथूनच सुरू झालं, पण ते पुढे सांगतो.

गटांना इंग्रजी नावं दिली तर माझ्या लक्षात राहीनात, म्हणून तू विचारलंस, "काका, तुमच्या वाडीतलं सांगा काहीतरी." मी केळीच्या जाती सांगितल्या. मंडळाच्या सगळ्या कामाचा जो मोठा गट, त्याचं नाव राजेळी. त्याच्या पोटात तीन लहान गट : वाचणी, निकाल, छपाई. तू कागदावर चित्र काढून दाखवलंस, वर आई, खाली तीन पोरं. आईच्या नावावर अर्धी मशीन, आणि तिच्यातून पोरांना वाटे. मी ते चित्र बघून म्हटलं, हे तर केळीचं बेट आहे. तू म्हणालास, "अगदी तसंच."

अगदी तसंच नव्हतं रे.

मटिल्डा जेवायला बोलावते आहे. उद्या लिहितो.

गुरुवार, १९

काल जेवल्यावर लिहायला आलो नाही. जेवण हे निमित्त होतं. आज सकाळी घरात कोणी नाही, मटिल्डा फुलं द्यायला गेली आहे. ती यायच्या आत लिहून टाकतो.

हे पत्र आत्ताच का, ते आधी सांगतो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

दिवाळीनंतर शाळेत पालकांची सभा झाली. अश्लेषा आली होती. सभा संपल्यावर ती रिटाशी बोलत बसली. आपलं नातं तिला माहीत नव्हतं, रिटानेच सांगितलं, मी व्हॅलेरियनकाकांची मुलगी. तेव्हा अश्लेषाचे डोळे भरले म्हणे. तिने सांगितलं, पवईच्या एका मोठ्या कंपनीने तुला बोलावलं आहे, तेच काम, मोठ्या मशीन सांभाळायचं. तुझा जुना एक सोबती तिथे आहे, त्याने नाव सुचवलं. तीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. आणि तू नाही म्हणतोस. बिल्डिंगच्या खाली मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करत बसतोस, आणि म्हणतोस, "ज्या माणसाला आपण काय लिहिलं तेच आठवत नाही, त्याने दुसऱ्याच्या मशीनला हात लावू नये."

रिटाने हे घरी येऊन सहज सांगितलं, भाजी निवडता निवडता. मी उठून वाडीत गेलो.

जयवंत, तू जे लिहिलं होतंस ते बरोबर लिहिलं होतंस. तुला जे आठवत होतं तेही बरोबर आठवत होतं.

आता सगळं सांगतो.

मे महिना होता. ऋतिकाच्या वेळी अश्लेषाला अचानक दवाखान्यात न्यावं लागलं. तू सकाळी धावत सातिवलीला आलास, दोन रात्रींचा जागा, शर्टाची बटणं वरखाली. वाचणीचं काम आदल्या दिवशी संपलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाचा टेम्पो गुणपत्रिका न्यायला येणार होता. तू उभ्या उभ्या माझ्या वहीत एक ओळ लिहिलीस : राजेळीच्या पोटातला वाचणी हा गट पुसायची कमांड. म्हणालास, "काका, एवढंच करा. वाचणी रिकामी आहे, पुसली की तिचा वाटा निकालाला मिळेल. बाकी कशाला हात लावू नका." आणि पळालास.

मी ती ओळ अक्षर अक्षर जुळवून मारली. तीनदा तपासली. एंटर मारलं, वाचणी गेली. काही बिघडलं नाही. माझ्या छातीत असं भरून आलं म्हणून सांगू! पाचवी शिकलेल्या माणसाने एकट्याने मोठ्या मशीनवरचा गट पुसला.

तिथेच थांबायला हवं होतं.

मी गटांची यादी काढून बघितली. राजेळीच्या स्वतःच्या नावासमोर काम शून्य, आणि वाटा अर्ध्या मशीनचा. खाली निकाल आणि छपाई बिचारी चाललेली. तुला माहीत आहे आमच्या वाडीत काय करतात. केळीने लोंगर दिलं, तो घड उतरवला, की आईचा खांब उभा ठेवत नाहीत. तो नुसता खत खातो आणि ऊन अडवतो. तो कापायचा, म्हणजे खालच्या मुनव्यांना, तिच्या पोरांना, जोर येतो. माझ्या बापाने मला सातव्या वर्षी कोयता देऊन हेच शिकवलं. त्या यादीकडे बघून माझ्या डोळ्यांना राजेळी म्हणजे लोंगर उतरवलेला खांब दिसला. रिकामा उभा, आणि पोरांचं खातोय.

मी आई पुसायला गेलो. मशीनने नकार दिला, हिच्या पोटात अजून गट आहेत म्हणून. तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. पण मला आठवलं, एकदा तू सरावाचा गट करून दाखवला होतास, आणि कमांडमध्ये एक जादा अक्षर घालून तो पुसला होतास. मी वही उघडली. ते अक्षर होतं. त्याच्यापुढे तुझ्या हाताने लिहिलं होतं, 'पोटातल्या सगळ्या गटांसकट जातो. मला विचारल्याशिवाय कधीच नाही.' खाली दोन रेघा.

मी ते वाचलं. वाचलं नाही असं सांगू शकलो असतो, पण वाचलं. मला वाटलं, जयवंत दवाखान्यात आहे, त्याला कशाला त्रास. आणि खरं सांगू, मला वाटलं, तू आल्यावर बघशील आणि पुन्हा टेबलावर हात मारशील.

राजेळी गेली, तिच्याबरोबर निकाल आणि छपाईही गेली. यादी कोरी. मला वाटलं, कामं मेली. मुलांचे निकाल मेले. आज मला माहीत आहे, गट पुसला म्हणून आतली कामं मरत नाहीत, ती वरच्या सगळ्यांच्या गर्दीत जाऊन पडतात आणि तिथे वाट्याशिवाय धक्के खात चालत राहतात. तू हे सांगितलंही असशील, पण त्या वेळी डोक्यात काही राहिलं नाही. मी निकालाचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, छपाईही सुरू केली. जुनी चाललीच होती, त्यांच्या अंगावर नवी. दोन्ही निकाल एकाच जागी लिहायला लागले. गुणपत्रिका छापून आल्या त्या एकाचे गुण दुसऱ्याला. टेम्पोवाला त्याच घेऊन गेला.

पुढचं तुला माहीत आहे. मंडळाचे लोक आले, आग्नेल आले. मशीनने सगळ्या कमांडी नोंदवून ठेवल्या होत्या. वाचणी पुसली, राजेळी पुसली, दोन्ही ओळी पडद्यावर. आग्नेलने मला विचारलं, "ही दुसरी ओळ तुम्ही मारलीत?" दारात मार्गारेट आणि बाकीची पोरं उभी होती. मला देवळाचं आवार दिसलं, तिथे मी मारलेल्या बढाया ऐकू आल्या, आणि उद्या तिथे काय हशा होईल तोही ऐकू आला. केळीवाल्याने कॉम्प्युटर कापला. मी म्हटलं, "वहीत दोन्ही ओळी होत्या. जयवंतने लिहिल्या तशा मारल्या."

तू दवाखान्यातून थेट आला होतास. माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता म्हणशील, वही दाखवा. तू डोळे चोळलेस आणि म्हणालास, "मी एकच लिहिल्याचं आठवतं मला. पण दोन रात्री झोप नाही शेठ. काका कशाला खोटं बोलतील? लिहिली असेल मीच."

काका कशाला खोटं बोलतील. हे वाक्य, जयवंत.

आग्नेल तुला काय काय बोलले ते मी भिंतीला टेकून ऐकलं. कामावरून काढलं तेही. संध्याकाळी तुझ्या टेबलावरचा कप घेऊन गेलास. जाताना मला म्हणालास, "काका, मुलगी झाली. गडबडीत सांगायचंच राहिलं." मी पेढाही मागितला नाही.

वहीतली ती दोन पानं मी त्याच दिवशी फाडली आणि वही विहिरीत टाकली. पानं मात्र टाकवली नाहीत. दरवर्षी उपवासकाळात पापनिवेदनाला जातो, फादरना सांगतो, खोटं बोललो. कोणतं खोटं, ते फादर विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. साडेआठ वर्षं असं चाललंय. ती दोन्ही पानं या पत्रासोबत पाठवतो आहे. एका पानावर तुझी ओळ आहे, एकच. दुसऱ्यावर तो इशारा आणि दोन रेघा. अक्षर तुझं आहे, ओळखशील. अश्लेषालाही दाखव.

गेल्या रविवारी मिस्सा झाल्यावर मी आग्नेलना गाठलं. त्यांचा सातिवलीचा धंदा बंद होऊन पाच वर्षं झाली, आता मुलगा हॉटेल बघतो. देवळाच्या पायरीवरच सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी मस्करी करतोय. मग म्हणाले, "व्हॅलेरियन, साडेआठ वर्षं पोटात ठेवलंस? अरे, मूतखडासुद्धा एवढा राहत नाही!" आजूबाजूला लोक होते. हसले. मला ज्या हशाची भीती होती तोच हशा, आणि पाच मिनिटांत संपला. लोक मडगावच्या कोणाच्या तरी लग्नाबद्दल बोलायला लागले.

आग्नेल मात्र हसायचे थांबले. टोपी हातात फिरवत उभे राहिले. "त्या पोराला मी त्याच्या आईबापावरून बोललो होतो रे," म्हणाले. मग, "चल, आत्ता जाऊ तुळिंजला." मी म्हटलं, नको, आधी मला लिहू दे. आपण दोन म्हातारे अचानक दारात उभे राहिलो तर तो बोलू शकणार नाही, पाणीच विचारत बसेल. तसाच आहेस तू. त्यांनी एक कागद लिहून दिलाय, त्यांच्या सहीचा, की चूक जयवंतची नव्हती. तोही पाकिटात आहे. कंपनी असा कागद मागणार नाही हे मला समजतं. तो तुझ्यासाठी आहे.

मटिल्डाला अजून सांगितलेलं नाही. आज सांगणार. ती बोलेल ते ऐकून घेईन.

माझं वय आता सहासष्ट-सदुसष्ट. मला भीती बऱ्याच गोष्टींची वाटते, पाऊस जास्त झाला तर वाटते, कमी झाला तर वाटते, रिटाला यायला दहा मिनिटं उशीर झाला तरी वाटते. पण ही गेल्या आठवड्यातली भीती वेगळी आहे. तीस तारीख जवळ आली आहे आणि टपालाचा भरवसा नाही. मी रजिस्टर्ड करतोय. पोस्टातल्या बाईंना विचारलं, गासहून तुळिंजला किती दिवस? त्या म्हणाल्या, दोन. मी म्हटलं, चार धरतो.

मला माफ केलंस का, हे मी विचारणार नाही. ते तू सवडीने ठरव, नाही ठरवलंस तरी चालेल. मला भेटू नकोस, वाटलं तर ऋतिकाला माझं नावही सांगू नकोस. पण त्या कंपनीला हो म्हण. तुझ्या हातून त्या दिवशी काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते एवढंच, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि तसली चूक तू पुन्हाही करावीस असं मला वाटतं, माझ्यावर नको, दुसऱ्या कोणावर.

हो म्हणालास की रिटाच्या मोबाइलवर मिस कॉल दे. नंबर अश्लेषाकडे आहे. दोन रिंग झाल्या की कट कर, आम्ही उचलणार नाही, तुला बोलावं लागणार नाही. मी रिटाला सांगितलंय, तीस तारखेपर्यंत शाळेतून आल्यावर फोन माझ्याजवळ ठेवायचा. मला तो नीट वापरता येत नाही, पण वाजलेला कळतो.

लवकर दे, बाळा. वाट बघतो आहे.

तुझ्यापुढे खोटं बोललेला,
व्हॅलेरियन